नावं झाकून पाठवा

वाघोली, ७ जुलै २०२५

अक्का,

आज दुपारी कोर्टाचा बेलिफ घरी आला. पाठ धरली म्हणून मी रजेवर होतो, जेवायला बसलो होतो. उजवा हात उष्टा, म्हणून समन्सवर डाव्या हाताने सही केली. ती बघून तो म्हणाला, "साहेब, सही तुमचीच ना?" मी म्हटलं, "माझीच. वळण तेवढं दुसऱ्याचं." तोवर मला विनोद सुचत होते, कारण कागद वाचला नव्हता.

वादी, विमल जयसिंग माने, राहणार मांजरी बुद्रुक. प्रतिवादी, उत्तरेश्वर सीताराम बिराजदार, राहणार वाघोली. तीनदा वाचलं. आपल्या दोघांची नावं एका कागदावर याआधी आली ती तुझ्या लग्नपत्रिकेत, 'आमच्या अक्काच्या लग्नाला यायचं हं'च्या खाली. भाग्यश्रीला सांगितलं, अक्काने दावा लावलाय. ती म्हणाली, "कुणाच्या अक्काने?" तिचाही विश्वास बसेना.

सात वर्षं आपण बोललेलो नाही. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून हे पत्र.

मी गेली नऊ वर्षं 'साधा कायदा' नावाचा ब्लॉग चालवतो, हे तुला माहीत आहे असं आता दिसतंय. दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तकं लावायची आणि घरी आल्यावर तोच कायदा लोकांना मराठीत सांगायचा. वकिलाची सनद घेतली नाही, पण एलएलबी वाया जाऊ दिलं नाही, एवढंच. समन्स आलं तर काय करावं यावर माझा एक लेख आहे. घाबरू नका, आधी तारीख बघा, मग दाव्याची प्रत शांतपणे वाचा. चाळीस हजार लोकांनी वाचलाय. आज मला तारीख दिसलीच नाही.

तू म्हणतेस, अण्णा गेल्यावर वाघोलीच्या घरात तुझा माझ्या बरोबरीचा हक्क होता. मी २०१४ साली तुझ्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं, आणि वारसनोंदीचा कागद आहे असं खोटं सांगून सही घेतली. ते वाचून डोकं फिरलं, लपवत नाही. ताट तसंच सारलं आणि सोबतचे कागद उलटायला लागलो. पहिला कागद हक्कसोडपत्राची प्रत. दुसरा नोंदणी खात्याच्या साइटवरून काढलेला दस्ताचा गोषवारा. तिसरा माझा.

माझा ईमेल, अक्का. फेब्रुवारीत एका अनोळखी बाईला पाठवलेला.

माझ्या ब्लॉगचा एक नियम आहे. कागद पाठवा, प्रश्न विचारा, पण नावं झाकून पाठवा. लोकांची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये हे एक कारण. दुसरं असं की नाव दिसलं की माणूस बाजू घेतो, आणि मला फक्त कायदा सांगायचा असतो. त्या बाईने तर नावं, फोटो, मिळकतीचा नंबर, साक्षीदार, सगळ्यावर काळी पट्टी चिकटवून पाठवलं होतं. मला कौतुक वाटलं होतं, नियम इतका पाळणारा वाचक पहिल्यांदाच भेटला म्हणून. मी काय उत्तर दिलं ते तुझ्याकडे आहेच, तरी लिहितो, कारण ते माझ्या हाताने पुन्हा लिहिल्याशिवाय माझा त्यावर विश्वास बसत नाही.

"दस्तात 'हा लेख मला भावाने वाचून दाखवला व समजावून सांगितला' असं वाक्य आहे. आपण म्हणता की काहीही वाचून दाखवलं नाही, उलट वारसनोंदीचा कागद असल्याचं सांगितलं. तसं असेल तर सरळ भाषेत ही फसवणूक आहे. ज्याने हे केलं त्याला आपण अजून भाऊ म्हणता, हा आपला मोठेपणा. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. घरच्यांचं ऐकत बसू नका. चांगला वकील गाठा."

तू गाठलास.

अक्का, तो कागद आपला आहे हे मला खरंच कळलं नाही. हक्कसोडपत्रांची भाषा सगळीकडे तीच असते, दस्तलेखक नावं बदलतात आणि छापतात. आणि आपला दस्त मी कधी वाचलेलाच नव्हता. त्यात ते वाक्य आहे हे मला माहीत नव्हतं. माझाच सल्ला घेऊन माझ्यावरच दावा, हे तू का केलंस, ते कळव.

उत्तरेश्वर

वाघोली, ९ जुलै २०२५

अक्का,

परवाचं पत्र मिळालं असेल. डोक्यात वीट पडल्यासारखा बसून लिहिलं होतं, आज जरा शुद्धीवर आहे.

कपाटातली लाल फाईल काढली. तू झाकून पाठवलेली प्रत आणि माझा मूळ दस्त शेजारी शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावली. तोच आहे. 'वाचून दाखवला' ते वाक्य दुसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ. आईचा अंगठा, तुझी सही, माझी सही, साक्षीदार म्हणून शेजारच्या संतोषची. नोंदणी कार्यालयात काढलेले फोटो. माझा फोटो मुडद्यासारखा आलाय, सरकारी कॅमेऱ्यात सगळ्यांचा येतो. तुझ्या फोटोत तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेस. मान वळवून बाजूला कुठेतरी बघतेयस.

आता माझंही ऐक. आपल्याकडे सगळ्या घरांत बहिणी सही करतात. तुझ्या नणंदांनी केली, भाग्यश्रीने तिच्या भावांना दिली, आनंदाने दिली. आईचीही इच्छा तीच होती. लातूरकडून येऊन अण्णांनी कारखान्यात तीस वर्षं काढली आणि वाघोलीत चिटपाखरू नव्हतं तेव्हा हे दोन गुंठे घेतले. वरचे दोन मजले मी चढवले. वारसनोंदीचं तुला मी म्हणालो असेन. मला आठवत नाही. घाईत माणूस काहीही बोलतो. तू विचारलंही नाहीस.

आणि २०१८ मध्ये जयसिंगराव तुला सोडून निघून गेल्यावर तू स्वरालीला घेऊन आलीस, वरची खोली मागितलीस. तेव्हा भाग्यश्रीला ते नको होतं. आमच्या तेजसची दहावी होती. मी मध्ये सापडलो. पुढच्या वर्षी बघू म्हणालो, तर तू ट्रंक उचललीस आणि 'या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही' म्हणून गेलीस. नदीपलीकडे भाड्याच्या खोलीत राहून, उसाच्या रोपांच्या प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहून तू पोरीला शिकवलंस. मला सगळं कळत होतं. पण तुझं नाक तरी किती वर, सात वर्षांत एक राखी नाही.

मी मंगळवारी वकिलांकडे जातोय. शिवाजीनगरचे तात्याराव. मुद्दाम सांगून ठेवतो, मागून काही केलं असं वाटायला नको.

उत्तरेश्वर

वाघोली, १५ जुलै २०२५

अक्का,

हे पत्र पाठवीन की नाही ठाऊक नाही. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

सकाळी तात्यारावांकडे गेलो. त्यांनी दावा वाचला, मग माझा ईमेल वाचला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "चाळीस वर्षं वकिली करतोय. स्वतःवर दावा लावण्याचा सल्ला लेखी देणारा प्रतिवादी आज पाहिला. तोही फुकट."

मी सांगितलं की तुला दोन पत्रं टाकली आहेत. ते म्हणाले, "उत्तम. म्हणजे उद्या तीही निशाण्या होतील. आपण वहीच का नाही पाठवून देत?" निशाणी म्हणजे कोर्टात पुरावा म्हणून नंबर पडलेला कागद. मी हे सात लेखांत समजावून सांगितलंय.

मग कामाचं बोलणं झालं. ते म्हणाले, "खरं काय नि खोटं काय, ते राहू द्या. बाईंना कळलं कधी? मुदत कळल्यापासून तीन वर्षं. दाव्यात लिहिलंय की यंदा जानेवारीत कळलं. कसं कळलं, तर आपलाच लेख वाचून, 'घरबसल्या दस्त कसा शोधावा'. म्हणजे शोधायलाही आपणच शिकवलंत." त्यांच्या मते एकच वाट होती. तुला हे तीन वर्षांपेक्षा आधी माहीत होतं असं दाखवणारं एखादं चिटोरं मिळालं, तर दावा मुदतीतच बसत नाही. तू खरी असलीस तरी घर माझं.

मी घरी आलो आणि तो लेख उघडला. २०२१ सालचा आहे. मला त्याचा अभिमान आहे, अक्का. नोंदणी खात्याच्या साइटवर गाव टाका, मिळकतीचा नंबर टाका, आणि तुमच्या घराचा दस्त कुणी कुणाला करून दिला ते फुकट बघा. ही सोय असून लोकांना माहीत नसते. सरावासाठी आपल्या वडिलांच्या घराचा नंबर टाकून बघा, असं मीच लिहिलंय. खाली तीनशे बारा प्रतिक्रिया आहेत. मी वरून वाचत आलो, काहीतरी सापडावं म्हणून. तेच शोधत होतो, खोटं कशाला बोलू.

१७ जून २०२१. नाव, 'वि., मांजरी'.

"सर, तुम्ही सांगितलं तसं शोधलं. वडिलांच्या घराच्या कागदावर लिहून देणार म्हणून माझंच नाव दिसतंय. मी असं काही लिहून दिल्याचं मला आठवत नाही. याचा अर्थ काय होतो, आणि आता काय करता येईल?"

आणि खाली माझं उत्तर.

"अर्थ सरळ आहे, ताई. आपण हक्क सोडलात. सही करताना वाचायचा कंटाळा, मग आयुष्यभर आठवायचा त्रास. नोंदणीकृत दस्त आहे, आता काही होणार नाही. पुढच्या वेळी वाचून सही करा."

त्याला एकशे चार लोकांनी अंगठा दिलाय. एकाने खाली लिहिलंय, 'सर एकदम पुणेरी'.

मी खुर्चीवरून उठलो आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. भाग्यश्री म्हणाली, "अहो, काय झालं? चेहरा बघा आरशात."

तू विचारलं होतंस. चार वर्षांपूर्वी, चारचौघांत, अर्धं नाव लिहून. मांजरीही लिहिलं होतंस. तेव्हा तुझ्या हातात तीन वर्षं होती. आणि मी, लोकांना कायदा समजावा म्हणून दुकान मांडून बसलेला मी, कायदा चुकीचा सांगून तुला हाकलून दिलं. फसवणूक असेल तर नोंदणीकृत दस्तही टिकत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते सांगितलं नाही, कारण टोमणा आधी सुचला.

तात्यारावांना हवं असलेलं चिटोरं हेच आहे.

उ.

वाघोली, १८ जुलै २०२५

अक्का,

आधीचं पत्र काल टाकलं. आता जे लिहितोय ते आधीच्या पत्रांत दडवलेलं आहे.

ब्लॉगवर मी काहीही पुसत नाही. चूक झाली तर त्या ओळीवर रेघ मारायची, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची, पण मूळ ठेवायचं. लोकांना कळलं पाहिजे की आपण काय वाचून फसलो होतो. याचा मला इतका तोरा आहे की एका वर्तमानपत्राने त्यावर चौकट छापली होती. काल सकाळी मी तुझी प्रतिक्रिया आणि माझं उत्तर पुसायला बसलो. बटणावर बोट होतं. स्वतःला सांगत होतो की हे अक्कासाठी, ही ओळ गेली की तिचा दावा वाचेल. थोडा वेळ मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की तुझ्या दाव्याची काळजी मला दोन मिनिटांपूर्वी सुचली आहे. 'पुढच्या वेळी वाचून सही करा' हे मी माझ्या बहिणीला म्हणालो, ते जगाने वाचू नये म्हणून बोट तिथे गेलं होतं. पुसलं नाही. पुरावा पुसणं गुन्हा आहे, म्हणून नाही पुसलं असंही म्हणवत नाही. लाज वाटली, एवढंच.

आता बाकीचं.

आपली नावं एका कागदावर लग्नपत्रिकेनंतर आली नाहीत असं पहिल्या पत्रात लिहिलं. आली होती. मला दस्त आठवलाच नाही, इतका मी तो विसरून राहिलो होतो.

दस्तात काय आहे ते माहीत नव्हतं असं लिहिलं. माहीत होतं. म्हणूनच तो कधी वाचला नाही. जो माणूस दुसऱ्यांच्या विजेच्या बिलामागचा मजकूर वाचतो, त्याने अकरा वर्षं स्वतःच्या घराचा दस्त उघडला नाही, हे तुलाही पटलं नसेल.

वारसनोंदीचं म्हणालो असेन, आठवत नाही, असं लिहिलं. आठवतं. भाऊबीजेनंतरचा सोमवार होता. तू स्वरालीसाठी चिवडा बांधून घेतला होतास, पाचची बस गाठायची होती. मी म्हणालो, अक्का, जाता जाता नोंदणी कार्यालयात दोन सह्या करून जा, तुझं नि आईचं नाव घराला लागायचंय. हे शब्द मी आदल्या रात्री ठरवून ठेवले होते. आईलाही तेच सांगितलं होतं. आईची इच्छा होती असं तुला लिहिलं तेही खोटं. तिला कळलंच नव्हतं, ती अंगठा पुसत म्हणाली, "झालं का पोरीचं नाव लागून?" मी हो म्हणालो. ती गेली ते याच समजुतीत गेली.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी तुला विचारलं, राजीखुशीने करताय ना, वाचलंय ना सगळं? तेव्हाच फोटो निघाला. त्यात तू बाजूला कुठेतरी बघतेयस असं मी लिहिलं. तू माझ्याकडे बघत होतीस. मी मान हलवली. तू त्यांना म्हणालीस, "भाऊ आहे ना, त्याने वाचलंय."

आणि वरच्या खोलीचं. भाग्यश्री तयार होती. ती म्हणाली होती, राहू दे त्यांना, पोरीचं शिक्षण होईल. नको मी म्हणालो. तू इथे राहायला आलीस की कधी ना कधी घरपट्टीची पावती तुझ्या हातात पडली असती, आणि तीवर एकच नाव आहे. सात वर्षं तुझा राग तू भाग्यश्रीवर काढलास आणि मी काढू दिला. परवा तिला हे सगळं सांगितलं. ती पोळ्या अर्ध्या टाकून बाहेर जाऊन बसली. नंतर एवढंच म्हणाली, "मला सात वर्षं वाईट ठरवलंत." मी घराची चिंता करत होतो, तिला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

ब्लॉग मी २०१६ मध्ये सुरू केला. पहिला लेख कोणता ते जाऊन बघ. 'बहिणींनो, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी'. दर भाऊबीजेला तो पुन्हा वर आणतो. लोक विचारतात, सर, या विषयाची एवढी तळमळ कशी? मी सांगत आलो की समाजात फार बघितलंय.

उत्तरेश्वर

वाघोली, २७ जुलै २०२५

अक्का,

तात्यारावांकडे जाऊन आलो. म्हटलं, मला लढायचं नाही, अर्धं घर अक्काचं आहे, तसं लिहून द्यायचंय. ते म्हणाले, "प्रतिक्रिया सापडली वाटतं." मी दाखवली. त्यांनी वाचली आणि पहिल्यांदाच काही खवचट बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही दाखल केली तर दावा उडाला. आपण नुसतं कबूल केलंत तरी मुदतीचा प्रश्न कोर्ट स्वतःहून काढू शकतं. दोघांनी मिळून तडजोड दिलीत तर मात्र कुणाला मुदत बघायचं कारण नाही. पण त्यासाठी समोरचीने सही करायला हवी. आपल्या शब्दावर." पुढे म्हणाले, "ती करेल असं मला वाटत नाही. मी केली नसती."

मलाही वाटत नाही. तरी मसुदा सोबत पाठवतोय. दस्तलेखकाची भाषा वापरलेली नाही, तू वाचून तुला कळेल अशीच प्रत्येक ओळ लिहिली आहे. तळमजला आणि पहिला मजला तुझा, वरचे दोन माझे. अंगण आणि जिना दोघांचा. २०१४ चा दस्त मी खोटं सांगून करून घेतला, हे पहिल्याच कलमात आहे. तात्याराव म्हणाले, एवढं लिहायची कायद्याने गरज नाही. मी म्हटलं, असू दे.

दुसरं एक केलंय, तेही सांगतो. २०२१ च्या त्या उत्तरावर रेघ मारून खाली दुरुस्ती लिहिली.

"हे उत्तर चूक आहे. फसवणुकीने घेतलेला दस्त नोंदणीकृत असला तरी रद्द करून मागता येतो, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मी चुकीचं सांगितलं, वर टोमणा मारला. त्या माझ्या सख्ख्या थोरल्या बहीण आहेत. त्यांची फसवणूक करून दस्त लिहून घेणारा मी आहे. उत्तरेश्वर सीताराम बिराजदार, वाघोली."

तुझं नाव लिहिलेलं नाही. तो नियम तुझ्यासाठी अजून आहे. दोन दिवसांत फोन वाजून वाजून बंद करायची वेळ आली. कॉलेजच्या प्राचार्यांनी बोलावून घेतलं. एका बाईंनी बार्शीहून लिहिलंय की त्यांनी २०२२ मध्ये माझं हेच उत्तर वाचलं आणि भावाला काही विचारायचं सोडून दिलं. हे वाचून मला काल जेवण गेलं नाही. ही एकच बाई आहे की आणखी किती, हे मला कधीच कळणार नाही. त्या ओळीला एकशे चार अंगठे होते.

अक्का, सही कर असं मी म्हणणार नाही. या घरात तुला सही कर म्हणायचा हक्क मी गमावलाय. मसुदा तुझ्या वकिलांना दाखव, स्वरालीला वाचायला दे. हवं ते खोडून पाठव. आणि तुला चालणार असेल तर मी मांजरीला येऊन तो तुला वाचून दाखवतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर लिहिलंय की मी ते केलं होतं.

तुझा,
उत्तरेश्वर

मांजरी, ३ ऑगस्ट २०२५

उत्तरेश्वरास,

पाचही पत्रं मिळाली. वकिलांनी पहिल्या चार पत्रांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. तुमचे तात्याराव शहाणे दिसतात.

का केलंस, असं तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस. ब्लॉग तुझा आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. स्वराली वाचून दाखवायची, आम्ही दोघी हसायचो, लोकांना किती छान समजावतो म्हणून. कोणाला सांगत नसे, पण मला अभिमान होता. घराच्या कागदावर माझं नाव दिसलं तेव्हाही मला वाटलं, काहीतरी चूक असेल, उत्तरेश्वरलाच विचारू. फोन करायचा धीर नव्हता. म्हणून तिथे विचारलं. वि. आणि मांजरी लिहिलं की तू ओळखशील, मग फोन करशील, असं धरून बसले होते. तुझा बंद केलेला नंबर चालू करून आठ दिवस फोन उशाशी घेऊन झोपले. तुझं उत्तर मी स्वरालीला वाचू दिलं नाही.

त्यानंतर चार वर्षं मी गप्प बसले, कारण तू म्हणालास आता काही होणार नाही. तुला कायदा कळतो.

जानेवारीत कळलं, असं दाव्यात लिहिलंय ते खोटं आहे. वकिलांना मीच खोटं सांगितलं, ही प्रतिक्रिया त्यांना दाखवली नाही. आता सांगितलं आहे. ते चिडलेत. पण आपल्या घरात खोटं लिहून देणारा तू एकटाच राहू नयेस, म्हणून तेही कळवते.

फेब्रुवारीत दस्ताची नक्कल काढली आणि तुझ्या नियमाप्रमाणे सगळं झाकलं. स्वराली म्हणत होती, मामाला सरळ विचार. मी म्हटलं, थांब. नाव अर्धं होतं तेव्हा काय उत्तर आलं ते बघितलंय, आता पूर्ण झाकून बघू. तू दोन पानं लिहिलीस. घरच्यांचं ऐकू नका म्हणालास, वकील गाठा म्हणालास. मी ते वाचून रडले, उत्तरेश्वर. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने एवढं कोणीच बोललं नव्हतं. तू अनोळखी बायकांचा फार चांगला भाऊ आहेस.

मसुदा मी वाचलेला नाही. मुद्दाम. स्वरालीलाही उघडू दिलेला नाही, पाकीट देवापाशी ठेवलंय. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. भाग्यश्रीला घेऊन ये, तिची मला माफी मागायची आहे. तू पहिल्या ओळीपासून वाच. मला जिथे कळणार नाही तिथे मी थांबवीन, आणि मला पुष्कळ ठिकाणी कळणार नाही.

सहीचं नंतर बघू.

विमल